सराफ्यात गराडूलाही जागा हवी

महोदय,
दिवसा दागिन्यांचा असलेला इंदूरचा सराफा रात्री खवय्यांचा होतो, हे इंदूरकरांना सांगायला नको. कॉलेजात असताना आम्ही मित्र थंडीत तिथे गराडू, म्हणजे रताळ्यासारखा एक कंद, खायला जायचो. आधी तळून ठेवलेल्या फोडी गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत, वर जीरावन मसाला आणि लिंबू. जीभ पोळली तरी शेवटची फोड कुणी सोडायचं नाही! मग दूध-हिंग घातलेला भुट्ट्याचा कीस. (पैसे द्यायच्या वेळी दोघे-तिघे हमखास गायब, ते असो.) आता नूडल्स-मोमोजच्या गर्दीतून गराडूवाला शोधावा लागतो. नव्याला ना नाही, पण मोमोज कुठेही मिळतात. सराफ्यात निदान मोक्याच्या जागा जुन्या पदार्थांसाठी राखाव्यात.

– एक वाचक, इंदूर