बायोवेअर कुठे अडखळलं

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या चौघांच्या गेमची दोन गावं आणि तीन सोबती उभे राहिले, हे वाचून बरं वाटलं. पुढच्या ओळीत मात्र तू लिहिलंस की दुसऱ्या इंजिनात (म्हणजे गेम बांधायच्या सॉफ्टवेअरात) उजेड-सावली फार सुंदर दिसते, म्हणून सगळं गोडो या इंजिनातून युनिटीत हलवायचं घाटतंय. शेवटी ठरवायचं तुम्हीच. पण ज्यांच्यासारखं काम करायचं म्हणून तुम्ही हे सुरू केलंत, त्या बायोवेअर या भूमिकेचे (रोल-प्लेइंग) खेळ करणाऱ्या स्टुडिओचं काय झालं ते आधी शांतपणे बघ.

"ईएने विकत घेतलं आणि वाट लागली" असं सगळे म्हणतात. (ईए म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, ही मोठी गेम कंपनी.) तारखा लावून पाहिल्या तर ते पुरतं जुळत नाही. ईएची खरेदी जाहीर झाली ऑक्टोबर २००७ मध्ये आणि पुरी झाली जानेवारी २००८ मध्ये. त्यानंतर 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' आला नोव्हेंबर २००९ ला आणि 'मास इफेक्ट २' जानेवारी २०१० ला. त्यांच्या उत्तम कामांत हे दोन्ही येतात. माझ्या मते खरी पडझड झाली ती आपली हत्यारं, म्हणजे स्वतःचं इंजिन, हातातून सुटली तिथे, आणि काय बनवायचं हे वेळेत ठरेनासं झालं तिथे.

१९९५ साली कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटन शहरात रे मुझायका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टीन यिप या तीन डॉक्टरांनी हा स्टुडिओ काढला. डिसेंबर १९९८ मध्ये 'बाल्डर्स गेट' आला, पाच सीडींवर. त्याचं इन्फिनिटी इंजिन त्यांनी स्वतः बांधलेलं होतं. त्यातली एक गोष्ट तुम्ही आजच उचलावी अशी आहे. संवादाच्या फाइलमध्ये वाक्य नसतंच, नुसता आकडा असतो. सगळी वाक्यं डायलॉग डॉट टीएलके नावाच्या एकाच फाइलमध्ये, क्रमांकाने. भाषांतर करायचं तर ती एक फाइल बदलायची, खेळाच्या तर्काला हात लावायचा नाही. कोण काय बोलणार हे ठरतं ग्लोबल व्हेरिएबलवर: अमुक घडलं तर १, नाही तर ०. इतकं साधं, आणि म्हणून लेखकांना हाताळता येण्याजोगं.

पुढचं अरोरा इंजिन तर त्यांनी २००२ च्या 'नेव्हरविंटर नाइट्स'सोबत टूलसेट (खेळ बनवायची साधनं) म्हणून खेळणाऱ्यांच्याच हाती दिलं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००७ चा पहिला 'विचर' त्याच अरोरावर, बदल करून, उभा केला. दुसरे स्टुडिओ यांची हत्यारं मागून नेत होते, असा तो काळ.

आता 'मास इफेक्ट २' चा शेवट घे, कारण तुम्हाला तसाच शेवट हवाय. त्यात बारा सोबत्यांपैकी कोण जगेल, कोण मरेल हे ठरतं. वाटतं की हजारो फांद्या असतील. प्रत्यक्षात मोजक्या खुणा आहेत, म्हणजे अमुक झालं की नाही याच्या नोंदी. जहाजाच्या तीन सुधारणा: चिलखत, ढाल, तोफ. जी करायची राहील तिच्यामागे एक सोबती शत्रूच्या तळावर पोचण्याआधीच जातो. मग तळावरच्या नळीतून कोणाला पाठवायचं? टाली, लीजन किंवा कासुमी, आणि तीही निष्ठा मिळवलेली. दुसऱ्या तुकडीला लायक पुढारी दिला नाही, तर मरतो तो पुढारी नव्हे, नळीतला माणूस. इथेच खेळणारा हळहळतो, कारण चूक आपली आणि जीव दुसऱ्याचा. प्रत्येक खूण आधीच्या वीस-तीस तासांत, त्या माणसाशी बसून बोलण्यातून पडलेली असते. तुम्ही फांद्या मोजू नका, खुणा मोजा. दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि वाटा पुन्हा जुळवल्या नाहीत, तर १०२४ शेवट लिहावे लागतील. चौघांना जमणार नाही. वाटा जुळवा, खूण तेवढी मागे ठेवा.

'मास इफेक्ट ३' ने मार्च २०१२ मध्ये नेमकं उलट केलं. तीन खेळांच्या खुणा जमवत आणल्या आणि शेवटी त्यांची बेरीज एका आकड्यात ओतली: सैन्यबळ. त्यावर तयारीची टक्केवारी लागायची, ती सुरू व्हायची ५० वर आणि वाढवायची तर मल्टिप्लेअर खेळायचं. अखेरीस तीन रंगांचे तीन शेवट. लोक भडकले ते शेवट दुःखाचा होता म्हणून नव्हे. आपण वाचवलेल्या माणसांची नावं पुसून त्यांचे गुण झाले होते. जूनमध्ये एक्स्टेंडेड कट (शेवट वाढवून देणारी भर) देऊन डागडुजी केली. सप्टेंबरमध्ये मुझायका आणि झेशुक दोघेही निवृत्त झाले.

त्याआधी मार्च २०११ मध्ये 'ड्रॅगन एज २' दीड वर्षाच्या आत उरकला होता. त्यात एकच गुहा, एकच गोदाम पुन्हा पुन्हा येतं. दरवाजे तेवढे बंद-उघडे. लेखन मात्र चांगलं आहे, हे मी आवर्जून सांगेन.

मग आलं फ्रॉस्टबाइट. हे स्वीडनच्या डाइस या ईएच्याच स्टुडिओचं इंजिन, 'बॅटलफील्ड' या नेमबाजीच्या खेळासाठी बांधलेलं. ईएच्या सगळ्या स्टुडिओंनी एकच इंजिन वापरावं, म्हणजे बाहेर लायसन्सचे पैसे द्यायला नकोत, असा विचार. दिसायला ते देखणं आहेच, उजेड-सावली तर विशेष. पण नेमबाजीच्या खेळाला आठवण लागत नाही. सैनिक मरतो, पुन्हा उभा राहतो, मागचं काही उरत नाही. भूमिकेच्या खेळात सगळं काम आठवणीचं. पिशवी, सेव्ह, संवाद, सोबत्यांची फळी, खांद्यामागचा कॅमेरा, हे सगळं बायोवेअरला त्यात नव्याने घालावं लागलं. म्हणजे जे त्यांना झोपेतही जमत होतं, ते पुन्हा पहिलीपासून.

नोव्हेंबर २०१४ चा 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' यातून कसाबसा पार पडला, तोही पाच प्रकारच्या यंत्रांवर एकाच वेळी, आणि द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम खेळ ठरला. मला वाटतं, त्या यशाने मोठं नुकसान केलं. शेवटच्या काही महिन्यांत रात्री जागून सगळं जुळून येतं, या समजुतीला कंपनीत 'बायोवेअर मॅजिक' असं नावच होतं. पुरस्काराने तिच्यावर शिक्का बसला.

'मास इफेक्ट: अँड्रोमेडा' मॉन्ट्रियलच्या शाखेकडे होता. शेकडो ग्रह यंत्राने आपोआप घडवायचे, ही कल्पना बराच काळ धरून ठेवली आणि मग सोडली. हाताशी उरले साधारण अठरा महिने. मार्च २०१७ मध्ये खेळ आला तेव्हा सगळ्यांना दिसले ते पात्रांचे ताठरलेले चेहरे. ऑगस्टमध्ये कथेला पुढचे भाग येणार नाहीत असं जाहीर झालं आणि ती शाखा मोटिव्ह नावाच्या दुसऱ्या स्टुडिओत विलीन झाली.

'अँथम' चं दुखणं वेगळं. सहा-सात वर्षं त्यात गेली, पण खेळणाऱ्याने उडायचं की नाही हेच किती तरी वेळा बदललं. उडणं असेल तर नकाशा उंच आणि विरळ लागतो, शत्रू लांबून दिसावे लागतात. चालणं असेल तर सगळंच उलट. हा एक निर्णय लोंबकळला की नकाशा, शत्रू, वेग, कुठलंच काम पक्कं होत नाही. 'इन्क्विझिशन'साठी फ्रॉस्टबाइटमध्ये जे घातलं होतं, त्यातलंही बरंचसं इथे पुन्हा नव्याने बांधलं. २२ फेब्रुवारी २०१९ ला खेळ बाहेर पडला, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याची दुरुस्ती सोडून दिली, १२ जानेवारी २०२६ ला सर्व्हर बंद झाले. सगळा कारभार ऑनलाइन, त्यामुळे डिस्क घरात असूनही आता तो लागत नाही. चिलखत घालून धबधब्यातून उडत जाणं खरोखर सुरेख होतं. ते असं नाहीसं व्हावं याचं वाईट वाटतं.

चौथा 'ड्रॅगन एज' २०१७ मध्ये एकदा रद्द झाला, मग सतत चालणाऱ्या मल्टिप्लेअरच्या साच्यात नव्याने मांडला, मग पुन्हा एकट्याने खेळायचा केला. 'द व्हेलगार्ड' या नावाने तो आला ३१ ऑक्टोबर २०२४ ला, दहा वर्षांनी. २०१४ मध्ये ड्रॅगन एज कीप या संकेतस्थळावर मागच्या खेळांतले शेकडो निर्णय नोंदवून पुढे नेता येत होते. 'व्हेलगार्ड' ने विचारले फक्त तीन, आणि तेही 'इन्क्विझिशन' मधलेच: प्रेम कोणावर होतं, इन्क्विझिशन ही संघटना ठेवली की मोडली, आणि सोलास या जुन्या सोबत्याला रोखायचं की सावरायचं. साचा असा पुन्हा पुन्हा बदलला की पहिली कात्री आठवणीवर चालते, कारण ती ट्रेलरमध्ये दिसत नाही. पहिल्या दोन महिन्यांत सुमारे १५ लाख खेळाडू आले, ईएच्या अपेक्षेच्या जवळपास निम्मे. ऑगस्ट २०२३ मध्ये ५० च्या आसपास माणसं काढली होती, त्यांत जुने लेखकही होते. जानेवारी २०२५ मध्ये आणखी पांगवली. बातम्यांनुसार तेव्हा उरलेला स्टुडिओ शंभराच्या आत होता.

आणि ऑगस्ट २०२३ मध्येच, बायोवेअरने सुरू केलेल्या मालिकेतला 'बाल्डर्स गेट ३' आला, पण बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओकडून. त्यांचं इंजिन स्वतःचं: २०१४, २०१७ आणि २०२३, तीन मोठे खेळ एकाच वंशावळीवर. पहिला अंक त्यांनी ऑक्टोबर २०२० पासून खेळाडूंच्या हाती देऊन जवळजवळ तीन वर्षं घासला.

आता तुमचं. तुम्ही मराठीत लिहिताय, तेव्हा इंजिन बदलण्याआधी एक दिवस काढून हे वाक्य नव्या ठिकाणी छापून बघा: "किल्ल्यावरच्या दुसऱ्या स्त्रीने विठ्ठलाला विचारलं." गोडो ४ मध्ये अक्षरं जुळवणारी यंत्रणा आतच आहे. युनिटीतल्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या नेहमीच्या साधनात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि जोडाक्षरं फुटतात. तिथे त्यावर उपाय शोधावा लागेल, त्याचे दिवस मोजा. दुसरी तपासणी: एक सोबती मेलेला असताना सेव्ह करा, खेळ बंद करा, पुन्हा उघडा. तिसरी: दोन अटी असलेला दहा ओळींचा एक संवाद तिकडे नेऊन पाहा. ही तिन्ही कामं तीन दिवसांत झाली नाहीत, तर मी हलवू नये म्हणेन. सेव्ह फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक घाला आणि प्रत्येक खुणेला मूळ किंमत (डिफॉल्ट) द्या, नाहीतर नवी खूण वाढवली की जुन्या सेव्ह उघडणार नाहीत.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना न पडणारं एक काम तुम्हाला आहे. "मी गेलो" आणि "मी गेले", "तू आलास" आणि "तू आलीस". नायक की नायिका यावर खेळाडूचीच नाही, सोबत्यांचीही वाक्यं बदलतात. ५,००० शब्द आवाजात घ्यायचे, मिनिटाला १५० धरले, तर ३३ मिनिटं होतात; नायक-नायिकेचे दोन आवाज म्हटले की ती ६६. म्हणून आधी सगळं नुसतं लिखित ठेवा. याच्या बदल्यात आपल्या भाषेने एक देणगी दिली आहे: सोबती "तुम्ही" वरून "तू" वर कधी येतो, ही एक खूण. विश्वासाचा आकडा पडद्यावर दाखवायची गरजच नाही, खेळाडूला कानाने कळेल. हे एवढं जरी नीट साधलंत तरी मला फार आनंद होईल.

संवादाच्या शीटमध्ये सहा रकाने कर: क्रमांक, बोलणारा, अट, पुल्लिंगी ओळ, स्त्रीलिंगी ओळ, ठेवायची खूण. "तू" आणि "तुम्ही" च्या ओळी वेगळ्या क्रमांकाने, अटीच्या रकान्यातून. पहिल्या गावापुरतं भरून शनिवारी पाठव, मी रविवारी बसून तपासते. आणि इंजिनची ती तीन दिवसांची परीक्षा शीट भरून झाल्यावरच घ्या, म्हणजे तपासायला खरा मजकूर हाताशी असेल.

तुझी,
आई