पासवर्ड तिजोरीत हलवताना

रावेर-यावलकडच्या सर्व केळी उत्पादक सभासदांना विनंती: बँक, महाडीबीटी, पीकविमा यांचे क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड या आठवड्यात बिटवॉर्डन या पासवर्ड जपणाऱ्या ॲपमध्ये, म्हणजे डिजिटल तिजोरीत, हलवून घ्या. आधी किमान १२ अक्षरांचा मास्टर पासवर्ड, म्हणजे ही तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड, ठरवा. तो विसरलात तर कंपनीलाही शोधून देता येत नाही, म्हणून कागदावर लिहून कपाटात कुलपात ठेवा. मग क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून एक्सपोर्ट, आणि बिटवॉर्डनमध्ये ‘क्रोम’ प्रकार निवडून इम्पोर्ट.

चूक होते ती यानंतर. एक्सपोर्टची सीएसव्ही फाइल, म्हणजे सगळ्या पासवर्डची साधी यादी, डाउनलोडमध्ये तशीच पडून राहते, आणि तिला कुलूप नसतं. जो उघडेल त्याला सगळे पासवर्ड दिसतात. बिटवॉर्डनमधले दोन-चार लॉगिन चालतात का तपासा, फाइल डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामं करा. मगच क्रोममधले जुने पासवर्ड पुसा. सायबर कॅफेत हे काम अजिबात करू नका. केळीपट्टीच्या वहीमागे लिहिलेले पिनही तिजोरीत टाकून तिथून खोडा.