बिलातली ‘शीथ’

महोदय,
गेल्या महिन्यात वडिलांची महाधमनीची झडप छाती न उघडता, जांघेतल्या धमनीतून बसवली. बिलात ‘शीथ’ नावाची एक जाडजूड रकमेची ओळ होती. काउंटरवर विचारले, तर “ते लागतंच” एवढेच उत्तर. शेवटी डॉक्टरांनी एक नमुना हातात घेऊन दाखवला: झडप धमनीतून आत न्यायची ही नळी; आत शिरताना बारीक, झडप सरकते तेवढ्यापुरती फुगते, मागून पुन्हा आवळते. सापाने बेडूक गिळावा तशी! या उपचाराच्या सुरुवातीच्या काळातल्या नळ्या २२-२४ फ्रेंच (नळीची जाडी मोजायचे माप), म्हणजे आतून सात-आठ मिलिमीटर होत्या. ही १४ फ्रेंच, पाच मिलिमीटरहून कमी. चुना साचलेल्या म्हाताऱ्या धमनीला एवढा फरकही फार. पैशांबद्दल कुरकुर नाही. पण स्टेंटचे दर २०१७ मध्ये सरकारने बांधून दिले, तर या नळीचा दर निदान ऑपरेशनआधी लेखी मिळावा.

– एक वाचक, सातारा