बिनऔषधाची गोळी वाट्याला आलेल्या अनोळखी रुग्णास

सप्रेम नमस्कार,

आपली ओळख नाही आणि होण्याचा संभवही नाही. ज्या अभ्यासात तुम्ही भाग घेतलात, त्याच्या अहवालात तुमचं नाव नसतं. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत ठेवायची नळी, घातलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले गेले. एकाला टॅम्सुलोसिन हे औषध मिळालं, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. तुम्ही दुसऱ्या गटात होतात आणि ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुमच्यासारखे अनेक जण होते, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वर्षी. पण घोळक्याचे आभार मानले की ते कुणालाच पोचत नाहीत, म्हणून तुम्हा एकालाच लिहितो आहे.

डॉक्टरांचे आणि नर्सचे आभार मी दवाखान्यातून निघतानाच मानले. तुमचे राहिले होते.

दुर्बिणीने खडा फोडला की मूत्रवाहिनीला सूज येते. लघवी तुंबू नये म्हणून आत मऊ नळी ठेवतात, वरचं टोक मूत्रपिंडात वळलेलं, खालचं मूत्राशयात. या घडणीचे स्टेंट १९७८ पासून वापरात आहेत. नळी आपलं काम चोख करते, त्रास देते ते खालचं टोक. मूत्राशयाच्या तळाचा भाग फार संवेदनशील असतो आणि ते टोक नेमकं तिथे घासतं. लघवीला जाऊन यावं तोच पुन्हा लागते, थेंबाथेंबाला जळजळ होते, मधूनच लाल लघवी दिसून काळजाचा ठोका चुकतो. आणि लघवी करताना मूत्राशयातला दाब त्याच नळीतून उलटा वर चढतो, म्हणून ऐन त्या वेळी कमरेत कळ उठते. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर माणसाला वाटतं, खडा आतच राहिला. मला सांगितलं होतं. कळ तेवढीच आली, पण धास्ती नव्हती.

ही समजूत तरी आली कुठून? 'स्टेंट आहे, थोडं दुखायचंच' एवढ्यावर पुष्कळ काळ भागवलं जात होतं. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास स्टेंटच्या त्रासासाठी प्रश्नावली तयार केली. लघवीच्या तक्रारी, वेदना, एकंदर तब्येत, कामधंदा, शरीरसंबंध, सगळं त्यात विचारलेलं. तेव्हा कळलं की सुमारे ८० टक्के रुग्णांना दैनंदिन कामात अडथळा येईल इतकं दुखतं आणि निम्म्याहून अधिक जणांचं काम मंदावतं. थोडं दुखायचंच म्हणे!

ते कागद भरणं सोपं नव्हतं, हे मला माझ्यावरून कळतं. धड बसवत नसताना रात्री किती वेळा उठलात ते आठवून लिहायचं. शरीरसंबंधाविषयीच्या प्रश्नांपाशी पेन थबकतंच, घरच्यांपाशीही आपण ते बोलत नाही. तरी तुम्ही खरं लिहिलंत. आणि स्टेंट निघाल्यावर, चांगलं बरं वाटत असताना, तीच प्रश्नावली परत भरलीत. दुखणं संपल्यावर त्याचे कागद हातात घ्यायला कुणाला आवडतं? पण एरवीची अवस्था कशी असते हे कळल्याशिवाय स्टेंटच्या वाट्याचा त्रास मोजताच आला नसता.

तुमच्या त्या गोळीचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं. औषधाविना त्रास किती उतरतो हे तुम्ही सोसून दाखवलंत, म्हणून औषधाने त्याहून जास्त उतरतो असं म्हणता आलं. टॅम्सुलोसिन मुळात प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांमधल्या एका ग्रंथीच्या, तक्रारींसाठीचं. मूत्रवाहिनीचे आणि मूत्राशयाच्या तोंडाजवळचे स्नायू ते सैलावतं. आता ते स्टेंट असलेल्या बायकांनाही देतात.

अभ्यास संपल्यावर तुम्हाला निकाल कुणी कळवला का? बहुतेकदा कळवत नाहीत. सह्या घेताना जेवढी तत्परता असते तेवढी नंतर दिसत नाही, आणि हे मला मुळीच पटत नाही. म्हणून मीच कळवतो. टॅम्सुलोसिन आणि त्याच्या जातीच्या औषधांचा सरासरीने फायदा दिसला. सगळ्यांना सारखा नाही आणि त्रास पूर्ण जाईल इतकाही नाही. मूत्राशयाची घाई कमी करणाऱ्या सॉलिफेनासिन आणि मिराबेग्रॉनचाही उपयोग आढळला. दोन औषधं एकत्र दिली तर आणखी फरक पडतो का, यावर मात्र अभ्यासांचं एकमत नाही.

तुमच्या शेजारच्या खाटेवर कदाचित वेदनाशामक औषध मुरवलेला स्टेंट बसवलेले गृहस्थ असतील. त्या प्रयोगात मुख्य निकषावर ठळक फरक दिसला नाही. त्यांनाही माझा नमस्कार सांगा, ती वाट फारशी उपयोगाची नाही हे कुणीतरी चालून बघायला हवंच होतं. आणि ज्यांना मुद्दाम स्टेंटच घातला नाही, त्यांना तर विशेष. त्यांच्यामुळेच आज गुंतागुंत नसलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर प्रत्येकाला सरसकट स्टेंट घालायची गरज नाही, असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं असतं. माझ्या मूत्रवाहिनीला सूज फार होती, म्हणून मला तो घालावा लागला.

डॉक्टरांनी मला लिहून दिलेल्या चिठ्ठीवर टॅम्सुलोसिन होतं, खरं. त्याने थोडी चक्कर यायची, पण झोप लागायची. तुम्हाला तेव्हा ती लागली नसावी. त्याबद्दल मनापासून आभार.

आपला,
खडा आणि स्टेंट दोन्ही निघालेला एक रुग्ण