पालकमंत्र्यांना खुले पत्र: दोन हजार वार सूत आणि पंधरा टक्के मराठी

मा. पालकमंत्री, बेळगाव जिल्हा, यांस,
सविनय नमस्कार.

बेळगाव काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी आपल्या सरकारने थाटात साजरी केली. रस्ते दिव्यांनी उजळले, सुवर्ण विधानसौधाच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इथल्या इमारतीच्या, आवारात बापूंचा पुतळा उभा राहिला. त्या दिवसांत एक वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येत राहिले, की समाजाला खरे स्वातंत्र्य हवे असेल तर प्रत्येकाने आपापली नैतिक जबाबदारी ओळखली पाहिजे. मला ते अर्धे पटते. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकदाच, डिसेंबर 1924 मध्ये, आमच्या टिळकवाडीत. त्याच अधिवेशनात एका अजब अटीवर शिक्कामोर्तब झाले. काँग्रेसचे सभासद व्हायला तोवर चार आणे वर्गणी पुरत असे. आता चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार वार सूत द्यायचे ठरले. ज्याला स्वराज्य हवे त्याने रोज थोडा वेळ स्वतःचे हात झिजवावेत, असा हिशेब. पण अटीतच पळवाट होती. कातायची इच्छा नसेल तर दुसऱ्याने कातलेले सूत दिले तरी चालणार होते. मग काय, सूत विकत मिळू लागले. वर्षही पुरे झाले नाही, सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्याच्या बैठकीत चार आण्यांचा पर्याय परत आला. शताब्दीच्या रोषणाईत ही गोष्ट कोणी सांगितली असेल तर ती माझ्या कानावर आली नाही.

यावरून गांधीजी हरले असे मी म्हणणार नाही. त्याच अधिवेशनात छावणीची साफसफाई स्वयंसेवकांनी अंगावर घेतली होती, संडाससुद्धा. त्या काळात कोणत्या घरांतली मुले ते काम करत होती हे लक्षात घेतले, तर सुतापेक्षा मला तेच मोठे वाटते. स्वतःकडून माणूस वाटेल तेवढे मागू शकतो. तेच दुसऱ्याकडून नियम लावून मागितले, की लोक विकतचे सूत आणून देतात.

आता आजचे बघू. आमच्या भागातल्या एका कार्यालयात, नाव घेत नाही, पेन्शनच्या खिडकीपाशी पश्चिम भागातल्या खेड्यातली एक म्हातारी उभी होती. हातातला अर्ज सगळा कन्नडमध्ये. खिडकीतला कारकून कानडी. त्याने अर्ज स्वतःकडे ओढला आणि मोडक्यातोडक्या मराठीत एकेक रकाना विचारत गेला, ‘आज्जी, नवऱ्याचं नाव? गाव कुठलं?’ सगळे भरून झाल्यावर शाईचा पॅड पुढे केला, तिचा अंगठा धरून नीट उमटवला आणि टेबलावरच्या जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा फाडून तिला शाई पुसायला दिला. मागच्या रांगेची कुरकुर सुरू झाली होती, त्याने तिकडे पाहिलेही नाही. शेजारच्या खिडकीत तसाच कागद घेऊन आलेल्या माणसाला मात्र ‘कन्नडदल्ली बरिसिकोंड बर्री’, म्हणजे कन्नडमध्ये लिहून घेऊन या, एवढेच ऐकायला मिळाले. बाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसलेलेच असतात, पैसे घेतात आणि भरून देतात.

पहिल्या कारकुनाला माझा दंडवत. तरीही त्या म्हातारीचे स्वातंत्र्य ती कोणत्या रांगेत उभी राहिली यावर ठरले, हे काही बरोबर नाही. भल्या माणसाच्या कृपेवर मिळालेली गोष्ट त्या माणसाच्या बदलीबरोबर जाते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर मान्य झालेला संकेत असा, की जिथे त्यांची लोकसंख्या 15 टक्के किंवा जास्त आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही मिळावेत. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी माणसे किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको, मतदारयाद्या तुमच्याकडे आहेत. पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवे, हा नियम शिडी लावून, कामगार बोलावून अमलात आणला जातो. 15 टक्क्यांचा संकेत तेवढा कारकुनाच्या सद्सद्विवेकावर सोडलेला आहे.

हे एवढे तुम्हाला. आता आमच्या बाजूचे, कारण ते टाळून पुढे गेलो तर तुम्ही पत्र बाजूला ठेवाल आणि ठेवावेच.

फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ एका बस कंडक्टरला मारहाण झाली. वाद त्याला मराठी येत नव्हते यावरून. लगेच चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळे फासले. मग गाड्या थांबल्या. अडकले कोण? कोल्हापूरला शिकणारी पोरे, मिरजेच्या दवाखान्यात तारीख असलेले पेशंट, माहेराहून निघालेल्या बायका. त्या दिवसांत आमच्या गल्लीत बोलणे भरपूर झाले, पण ‘कंडक्टरवर हात टाकला हे वाईट झाले’ असे चौकात मोठ्याने म्हणणारे थोडे. ‘त्यांनी काय कमी केलंय’ म्हणणारे पुष्कळ. इथे मात्र कोणताही कायदा, कोणताही आयोग कामाचा नाही. आपल्या पोराचा हात आपणच धरायचा असतो. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल कसाही लागो, तो कंडक्टर आणि ते प्रवासी दुसऱ्या दिवशी त्याच बसमध्ये असणार. मी स्वतः हा भाग महाराष्ट्रात जावा या मताचा आहे, ते लपवत नाही. पण ज्या चौकात कंडक्टरच्या बाजूने बोलायची भीती वाटते, तो चौक कोणत्याही राज्यात गेला तरी मोकळा होणार नाही.

ही जबाबदारी आमची आम्ही घेऊ. तुमची तुम्ही घ्या, कारण सही तुमच्या हातात आहे. दोन्ही तालुक्यांच्या कार्यालयांत पेन्शन, रेशन आणि उताऱ्याचे अर्ज कन्नडबरोबर मराठीतही ठेवायचा आदेश काढा. नवा कायदा नको, विधिमंडळाची मंजुरीही नको. छपाईचा खर्च शताब्दीच्या दिव्यांपेक्षा जास्त येणार नाही. दुसरे, विधिमंडळाच्या इथल्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी, हा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून भरणाऱ्या मराठी महामेळाव्याला परवानगी नाकारून कार्यकर्त्यांना उचलण्याची अलीकडची रीत सोडा. लोक बोलतील, घरी जातील. जमले तर एखाद्या वर्षी तुम्हीही या आणि कानडीत उत्तर द्या. अर्ध्याहून अधिक मांडवाला ते समजेल.

या पत्राचे उत्तर मराठीतच यावे असा हट्ट नाही. कन्नडमध्ये पाठवलेत तरी चालेल, शेजारी कानडी आहेत, वाचून दाखवतील.

आपला,
शहापूर, बेळगाव येथील एक रहिवासी