पेटीवरचं नाव तिकडे कुणाचं?

संपादक साहेब,

द्राक्षाचा सीझन सुरू झाला की पिंपळगाव, ओझरकडून कंटेनर रॉटरडॅमला नि दुबईला सुटतात, पेटीवर झकास रंगीत नाव छापलेलं असतं, पण ते नाव तिकडे रजिस्टर आहे का विचारलं की सगळे गप्प. अहो, इथलं ट्रेडमार्क सर्टिफिकेट फक्त भारतापुरतंच चालतं! चीनमध्ये तर ज्याचा अर्ज आधी त्याचं नाव. आमच्या ओळखीच्या एका बेदाणेवाल्याचा ब्रँड तिकडच्या एजंटनेच स्वतःच्या नावावर करून घेतला, आता आपल्याच पेटीवर आपलंच नाव छापायची चोरी.

भारत २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये (ट्रेडमार्क परदेशात नोंदवायचा आंतरराष्ट्रीय करार) आहे, म्हणजे इथल्या अर्जाच्या जोरावर एकाच फॉर्मात बरेच देश घेता येतात, यूएईसुद्धा २०२१ च्या शेवटी त्यात आलंय, आणि युरोपियन युनियन टाकलं की २७ देश एकदम. शिवाय इथल्या पहिल्या अर्जापासून ६ महिन्यांच्या आत तिकडे अर्ज केला तर अर्जाची तारीख इथल्या पहिल्या अर्जाचीच धरतात, हे तर कुणी सांगतच नाही. फी स्विस फ्रँकमध्ये असते, छोट्या माणसाला जड जाते हे खरंय, पण फ्लेक्सवर काय कमी उधळतो का आपण?

एक्सपोर्टच्या शिबिरात औषधांचे रेसिड्यू (फळावर उरलेले अंश), पॅकिंग यावर तासन्‌तास बोलतात, त्यातला अर्धा तास यालाही द्या की.

– एक वाचक, पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक