लाइट-शीटचा वेग लेसरमुळे नव्हे

संपादक महोदय,

झेब्रामाशाच्या जिवंत पिलाचा मेंदू त्रिमितीत टिपणाऱ्या लाइट-शीट मायक्रोस्कोपवरचा आपल्या विज्ञान पुरवणीतील लेख वाचनीय होता. मात्र या तंत्राच्या वेगाचे श्रेय त्यात शक्तिशाली लेसरला दिले आहे, ते बरोबर नाही. लेसर इथे मंदच ठेवतात. जोर वाढवला की नमुन्याची चमक विझते आणि पेशींना इजा होते.

वेग येतो मांडणीतून. कॉन्फोकल या नेहमीच्या लेसर मायक्रोस्कोपमध्ये लेसर एकेका बिंदूवरून फिरतो आणि वरखालच्या थरांनाही फुकट उजेड सोसावा लागतो. लाइट-शीटमध्ये कवडशातल्या धुळीसारखा एकच पातळ थर बाजूने उजळतो आणि काटकोनातला कॅमेरा तो अख्खा एका फ्रेममध्ये घेतो. मूळ कल्पना शंभरहून अधिक वर्षे जुनी. वाढत्या भ्रूणांसाठी ती 2004 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या ईएमबीएल या जीवशास्त्र संशोधन संस्थेत वापरात आली. सेकंदाला 100 फ्रेम आणि 50 थर धरले, तर अर्ध्या सेकंदात एक त्रिमितीय चित्र होते. माशाचे हृदय तेवढ्यातही सापडत नाही, कारण ते सेकंदाला दोन-तीनदा धडधडते. अनेक ठोक्यांच्या फ्रेम नंतर जुळवाव्या लागतात.

प्रकाशाचा हा पातळ थर, म्हणजे शीट, हवी तितकी पातळही करता येत नाही. निळ्या 488 नॅनोमीटर लेसरची पाण्यातली 4 मायक्रॉन जाडीची शीट जेमतेम 70 मायक्रॉन लांबीपर्यंत पातळ राहते. जाडी दुप्पट केली की लांबी चौपट मिळते, पण थर एकमेकांत मिसळतात.

नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाने असे यंत्र जुळवायचे मनावर घेतले, तर ओपनस्पिम या स्वतः जुळवायच्या लाइट-शीट यंत्राचे आराखडे 2013 पासून खुले आहेत आणि ॲल्युमिनियमचे सुटे भाग सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये सहज होतील. घोडे अडते ते नमुना बसवताना. कमी तापमानाला वितळणारे ॲगरोज (नमुना धरून ठेवणारी पारदर्शक जेली) 1 टक्का घ्यावे आणि 37 अंशांपर्यंत निवल्यावरच भ्रूण त्यात सोडावा. त्याहून गरम असेल तर भ्रूण मरतो, फार थंड झाले तर तो सरळ करण्याआधीच ॲगरोज गोठते. 2 टक्के केले तर वाढणारी शेपटी आत दबून वाकडी होते. हे ॲगरोज भरायची नळी काचेची नको, एफईपी प्लास्टिकची हवी: तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, 1.34, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकाच; काचेचा 1.5 च्या आसपास, त्यामुळे शीट वाकते. चित्रात समांतर काळे पट्टे दिसले तर कॅमेऱ्याला दोष देऊ नये; वाटेतला बुडबुडा नाहीतर रंगद्रव्याचा ठिपका सावली पाडत असतो. बुडबुडे टाळायला नमुन्याभोवतीचे पाणी आधी उकळून गार करावे, शीट दोन्ही बाजूंनी सोडावी.

चित्रे साठवण्याचा खर्च कोणी धरतच नाही. 2048 × 2048 पिक्सेलची 16 बिट फ्रेम 8 मेगाबाइटची. सेकंदाला 100 म्हणजे मिनिटाला सुमारे 50 गीगाबाइट. साधी हार्ड डिस्क हा वेग झेपवत नाही आणि फ्रेम गळतात. एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, घ्यावीच.

सुरुवात माशाने करू नये, शेवाळाने करावी. शेवाळातले हरितद्रव्य निळ्या लेसरखाली आपोआप लाल चमकते. कॅमेऱ्यापुढे 600 नॅनोमीटरपुढचाच प्रकाश सोडणारा फिल्टर लावला की झाले. 50 मिलिवॅटचा लेसर 3बी, म्हणजे थेट डोळ्यात गेल्यास इजा करणाऱ्या, वर्गातला असतो, तेव्हा आरसे जुळवताना त्याच तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा गॉगल डोळ्यांवर हवा. साधा काळा गॉगल चालत नाही.

– भौतिकशास्त्राचे एक अध्यापक, नाशिक